तेजोनाथांचा सिद्ध पडदा

रविवारी सकाळी दहा वाजता पिंपळे सौदागरच्या त्या सोसायटीत क्लबहाउसबाहेर चपलांचा एवढा ढीग पडला, की वॉचमनला बॅडमिंटन कोर्टावर दोरी बांधून चपलांसाठी वेगळी जागा करून द्यावी लागली. सोसायटीच्या वार्षिक सभेला बारा माणसं येतात. पाण्याच्या टँकरवरून भांडायला तीस येतात. आज अडीचशे आली होती, आणि त्यांतली निदान दीडशे इंजिनिअर होती.

आत स्टेजवर एका टेबलावर संगणकाचा भलामोठा पडदा मांडला होता. त्याच्या चारी कडांना भगवं कापड गुंडाळलेलं, वरून झेंडूचा हार, पुढे उदबत्त्या. शेजारच्या आसनावर तेजोनाथ महाराज बसले होते. वय पंचेचाळीस, दाढी सलूनमधून नुकतीच कोरून आणलेली, अंगात रेशमी कफनी आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. महाराज सकाळपासून जागचे हलले नव्हते, त्यामुळे घड्याळाला फारसं काम नव्हतं.

"देव चराचरात आहे असं तुम्ही म्हणता," महाराज माइकमध्ये हळू आवाजात म्हणाले. "मग तो पिक्सेलमध्ये नसेल का?"

अडीचशे माना डोलल्या. पिक्सेलमध्ये देव नाही असं म्हणण्याची हिंमत आयटीतल्या माणसाला कशी व्हावी, त्याचं घर पिक्सेलवरच चालतं.

"तुमचा स्क्रीन मायेचा आहे. तो तुम्हाला हवं तेच दाखवतो. हा स्क्रीन मी अकरा महिने मंत्राने भारलाय. याची फ्रिक्वेन्सी वेगळी आहे. हा लपलेलं दाखवतो."

महाराजांची रीत ठरलेली होती. आधी त्यांचे सेवक घरी येत, टेपने खोल्या मोजत, फोटो काढत. त्यावरून संगणकावर घराचं हुबेहूब चित्र तयार होई. बिल्डर लोक इमारत उभी राहायच्या आधीच आतला सोफा, पडदे आणि झुंबर दाखवतात ना, तसलंच. महाराज त्याला 'सूक्ष्म प्रतिमा' म्हणत. चित्रात वेळ कायम तिन्हीसांजेची असे. एकच दिवा लागलेला आणि कोपरे अंधारात बुडालेले. खरी हुशारी पुढे होती. ते चित्र पेन ड्राइव्हवर घालून महाराज घरच्यांच्याच हातात देत. घरी जा, टीव्हीवर बघा, लॅपटॉपवर बघा, पाहिजे त्या तज्ज्ञाला दाखवा. माणसं घरी जाऊन डोळे फाडफाडून बघत. कोपऱ्यात नुसता काळोख. मग तोच पेन ड्राइव्ह या पडद्याला लावला, की त्याच कोपऱ्यात एक बाई उभी असलेली दिसे.

पुण्यवान माणसं अशी फसत नाहीत, पापी माणसंही फसत नाहीत. अशी फसतात ती फक्त अर्धवट तपासणी करून समाधान मानणारी माणसं, आणि या सोसायटीत त्यांचा तोटा नव्हता.

शेवटच्या रांगेत सुखदा बसली होती. चाकणच्या एका मोटारींच्या कंपनीत ती डिझाइन विभागात काम करायची. गाडी बनण्याआधी तिची संगणकावर चित्रं काढायची, रंग, प्रकाश, चकाकी सगळं अगदी खऱ्यासारखं, हे तिचं काम. राहायला ताथवड्यात. या सोसायटीत तिची आई मंजुळाबाई, धाकटा भाऊ धनेश आणि भावजय स्वरूपा राहत. स्वरूपाला आठवा महिना लागला होता. आईने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की "घराची शांती हाय, यून जा." सुखदा महिन्याभराने आली होती आणि समोरचा तमाशा बघून तिचं डोकं फिरलं होतं.

"आता बी विंग, सातशे चार," दुपारी साडेतीनला सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव माइकवर म्हणाले. एरवी ते पार्किंगच्या स्टिकरवरून लोकांना फैलावर घेत. आज हात जोडून उभे होते.

सातशे चार म्हणजे धनेशचं घर. पडद्यावर बाळासाठी रंगवलेली खोली आली. खिडकीशी पाळणा, पाळण्यामागे काळोख. महाराजांनी डोळे मिटले, डावा हात भगव्या कापडावर आशीर्वादासारखा ठेवला आणि पुटपुटू लागले. काळोख हळूच राखाडी झाला. पाळण्यामागे बाईचा आकार उभा राहिला. सभागृहातून एकच चीत्कार उठला.

"बघा," महाराज म्हणाले. "अकरा दिवसांपूर्वी हिचं रूप किती गडद होतं, आठवा. आज फिकट पडली आहे. का? कारण त्या विषारी गोळ्यांचा वास घरातून गेला. त्या वासावर ती येत होती, बाळासाठी. संध्याकाळी पाच वाजता शेवटची शांती. त्यानंतर ती दिसणार नाही."

सुखदाने शेजारी बसलेल्या स्वरूपाकडे वळून पाहिलं. "कुठल्या गोळ्या?"

स्वरूपा खाली बघत राहिली. "बीपीच्या."

"अकरा दिवस गोळी घेतली नाहीस?"

"आईंनी डबा उचलून ठेवलाय, ताई." स्वरूपाने पदराखालून हात पुढे केला. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. पावलं सुजून चपलेत मावेनाशी झाली होती. "कालपासून डोकं ठणकतंय. मधेच डोळ्यांपुढे चमचम होतं."

सुखदाने तिथूनच बाहेर जाऊन स्वरूपाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "बोलत काय बसलात, आणा तिला." सुखदा आत आली, स्वरूपाचा दंड धरला. पण स्वरूपा उठेना.

"आज नको. पाचला शेवटची शांती आहे. आत्ता गोळी घेतली आणि बाळाला काही झालं, तर सगळे जन्मभर माझ्याकडेच बोट दाखवतील. तुमच्यावर नाही येणार ते, ताई."

तिचं खोटं नव्हतं. सुखदाला तिचा राग आला नाही, पण त्या वाक्यामागे जी माणसं उभी होती त्यांचा फार आला. तिने धनेशला कोपऱ्यात गाठलं.

"तू इंजिनिअर आहेस ना रे?"

"म्हणूनच तर, ताई. मी काय अडाणी आहे का? सगळं व्हेरिफाय केलंय." धनेश चाकणलाच एका कारखान्यात क्वालिटीला होता, आणि तसा तो कामात चोख होता. "फाइलचा हॅश काढला. म्हणजे अंगठ्याचा ठसाच समज. फाइलमध्ये कुणी ढवळाढवळ केली तर तो बदलतो. घरी काढला, इथे काढला, सेम टू सेम. फाइल तीच. घरी बाई नाही, इथे बाई आहे. मग फरक कशाने पडला?"

"पडद्याने."

"मग, महाराज दुसरं काय म्हणतायत?"

हा मुलगा खऱ्या उत्तराच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी गेला होता आणि आत शिरायच्या ऐवजी उंबऱ्यावर हात जोडून बसला होता.

"आई, तू तरी ऐक," ती मंजुळाबाईंकडे वळली. "तिला दवाखान्यात नेऊ."

"पाच वाजूस्तवर थांब," मंजुळाबाई म्हणाल्या. मावळातल्या जुन्या घरातली बाई, आवाज करडा. "माझी दोन लेकरं गेली पोटातच, तुला ठावं न्हाई. तवा कुनी काय सांगितलं न्हाई मला. आता सांगतंय कुनीतरी, तर ऐकू दे."

त्यावर भांडून उपयोग नव्हता. सुखदाने धनेशकडून पेन ड्राइव्ह मागून घेतला आणि गाडी काढून वीस मिनिटांत ताथवड्याला घरी पोहोचली.

घरी तिच्या टेबलावर कंपनीने दिलेला पडदा होता. दर सोमवारी ती त्याच्या काचेवर एक लहानसं यंत्र टेकवून ठेवी. पडद्यावर काळे, करडे, रंगीत चौकोन एकामागून एक उमटत, यंत्र त्यांचा प्रकाश मोजी आणि पडदा कुठे चुकतोय ते दुरुस्त करी. याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि यात मंत्राची गरज पडत नाही. या कामाचं मोल तिला एका काळ्या गाडीने शिकवलं होतं. तिने काढलेल्या चित्रात गाडीची चाकं काळोखात गडप झाल्याची तक्रार बाहेरच्या एका ऑफिसातून आली होती. चार दिवस ती चित्रातले दिवे हलवत बसली. शेवटी कळलं, की चित्र ठीक होतं, त्या ऑफिसातला पडदाच बिघडलेला होता.

संगणकाच्या चित्रात ठार काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत दोनशे छप्पन्न पायऱ्या असतात. तळाच्या दहा-पंधरा पायऱ्या बहुतेक घरगुती पडद्यांवर एकाच काळोखात बुडतात. तिने बाळाच्या खोलीचं चित्र उघडलं, खोलीतला उजेड बंद केला आणि पाळण्यामागे निरखून पाहिलं. बाई होती. अगदी पुसट, पण होती. तिने आकडे काढले. भिंत आठव्या पायरीवर, बाई चौदाव्या. सहा पायऱ्यांचा फरक. घरच्या टीव्हीला तो दिसणं शक्य नव्हतं. ज्या पडद्याचा काळोख मुद्दाम उजळून वरच्या पायरीवर उचलला असेल, त्याला तो न दिसणं शक्य नव्हतं.

मग तिने काळोख आणखी वर उचलला, आणि खुर्चीतच मागे रेलून खो खो हसली. भुताच्या खांद्याला पर्स होती. केसांची पोनीटेल, एक पाय पुढे टाकलेला, हातात खरेदीची पिशवी. बिल्डरच्या चित्रांत बागेत फिरणारी माणसं चिकटवतात, त्यांतलीच ही एक. तिने धनेशच्या फ्लॅटचं जुनं माहितीपत्रक मोबाइलमध्ये शोधलं. पहिल्याच पानावर, कधीच न बांधलेल्या कारंज्याजवळून, तीच बाई पिशवी घेऊन चालली होती.

पाचला पाच मिनिटं कमी असताना ती क्लबहाउसमध्ये परतली. स्वरूपा पुढच्या रांगेत डोळे मिटून, कपाळ दाबून बसली होती. महाराजांनी हात कापडाकडे नेला, तोच सुखदा उभी राहिली.

"अर्जुनराव, आमच्या घराची शांती आहे. एकदा हेच चित्र क्लबहाउसच्या टीव्हीवर लावा. मग महाराजांनी खुशाल सुरू करावं."

भिंतीवर मॅच बघायचा टीव्ही होता. अर्जुनरावांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज उदार हसले. घरगुती टीव्हीवर काही दिसत नाही, हा तर त्यांच्याच खेळाचा पहिला अंक होता. चित्र लागलं. पाळणा, आणि मागे काळोख.

"आहे का कुणाला बाई दिसत?"

"नाही," सगळे म्हणाले.

सुखदाने रिमोट उचलला आणि मंजुळाबाईंच्या हातात ठेवला. "आई, हे बटण दाब. दाबत राहा."

"मला न्हाई येत त्यातलं."

"मालिकेचा आवाज वाढवायला येतो ना? तसंच."

मंजुळाबाईंनी बटण दाबलं. पडद्यावर 'ब्राइटनेस' लिहिलेली पट्टी आली आणि आकडा चढू लागला. पन्नास, साठ, सत्तर. पाळण्यामागचा काळोख राखाडी झाला. पंचाहत्तरला बाई उभी राहिली.

"आता उलट दाब."

बाई गेली.

"परत."

बाई आली. मंजुळाबाईंनी स्वतःहूनच तिला पुन्हा घालवली, पुन्हा आणली. त्यांचा अंगठा आता कुणाच्या सांगण्याची वाट बघत नव्हता.

"माझ्या सान्निध्याने तुमचा टीव्हीही भारला गेला," महाराज म्हणाले. "कृपा झाली आहे, माउली."

"मंत्र कुनी म्हनला?" मंजुळाबाईंनी विचारलं. त्या महाराजांकडे बघतही नव्हत्या. त्यांनी आकडा शंभरावर नेला. सगळी खोली दूध सांडल्यासारखी पांढुरकी झाली आणि बाई नखशिखांत दिसली. पर्स, पिशवी, पोनीटेल. सुखदाने मोबाइलमधलं माहितीपत्रक अर्जुनरावांपुढे धरलं. अर्जुनरावांनी चष्मा वर केला, टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे पाहिलं.

"ही तर आपल्या कारंज्याची बाई," ते म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. मग हसू एका रांगेतून दुसरीत गेलं. भीतीने पांढरी पडलेली दीडशे इंजिनिअर माणसं आता आपण मुळात घाबरलोच नव्हतो, असा चेहरा करून हसू लागली. मघाशी सर्वांत मोठा चीत्कार ज्याने काढला होता, तोच शेजाऱ्याला सांगत होता, की मला पहिल्यापासून डाउट होता.

धनेश मात्र हसत नव्हता. "ताई, पण फाइल तीच होती," तो पुटपुटला.

"फाइल तीच होती. तू फाइल तपासलीस, पडदा नाही तपासलास. धनेश, गेल्या महिन्यात तू दोनशे पार्ट परत पाठवलेस. का?"

"मोजायच्या गेजवर कॅलिब्रेशनचं स्टिकर होतं, त्याची तारीख उलटून दोन दिवस झाले होते."

"बरोबर. ज्या मापाची खात्री नाही त्या मापाने मोजलेला नट तू गाडीत बसू देत नाहीस. आणि या पडद्याच्या शब्दावर बायकोच्या गोळ्या बंद केल्यास. स्टिकर कुठे बघितलंस याच्यावर?"

धनेश सरळ स्टेजवर चढला. महाराज "स्पर्श करू नका, ऊर्जा उलटेल," म्हणत आडवे आले, पण धनेशने त्यांना बाजूला सारून भगवं कापड ओढलं. हार खाली पडला. पडद्याच्या डाव्या कडेखाली बटणं होती, बरोबर जिथे महाराजांचा आशीर्वादाचा हात टेकत असे. पडदा बंदुकांच्या व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा होता. त्यात काळोख वाढवत-कमी करत नेण्याची खास सोय होती, अंधारात दबा धरून बसलेला शत्रू खेळाडूला दिसावा म्हणून. अकरा महिन्यांची सिद्धी ती एवढीच. बटण पाच वेळा दाबलं की गडद बाई, दोनदा दाबलं की फिकट, दाबलंच नाही की शांती. मंत्र नुसता वेळ काढायला होता.

महाराजांची ऊर्जा खरोखर उलटली असावी, कारण ते मागच्या दाराने फार वेगाने गेले. त्या दिवशी घड्याळाने पावलं मोजली असतील. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ते एका ऑफिसात बिल्डरांसाठीच चित्रं काढत होते, हे नंतर पोलीस तक्रारीच्या वेळी कळलं. नाल्याच्या जागी तलाव दाखवायचं काम ते आधी करत, पुढे काळोखाच्या जागी भूत दाखवू लागले. आधीच्या कामात निदान कुणी त्यांच्या पाया पडत नसे.

पण हे बघायला सुखदा थांबली नव्हती. तिने आणि मंजुळाबाईंनी स्वरूपाला दोन्ही बाजूंनी धरून गाडीत घातलं होतं. दवाखान्यात रक्तदाब निघाला एकशे ऐंशी आणि एकशे पंधरा. डॉक्टरीणबाईंनी नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं, आणि मग केसपेपरवरून मान वर केली.

"गोळ्या कुणी बंद केल्या?"

दारात धापा टाकत पोहोचलेला धनेश म्हणाला, "एक महाराज आले होते, त्यांनी..."

"मी," मंजुळाबाई त्याला तोडत म्हणाल्या. "त्यो लबाड व्हता, त्ये खरं. पन तिच्या हातातनं डबा मी काढून घेतला. माझं नाव लिवा."

डॉक्टरीणबाईंनी काही लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, "आजची रात्र घरी गेली असती तर हिला झटके आले असते. मग आई राहिली असती की बाळ, ते मी सांगू शकत नाही."

मंजुळाबाई बाकावर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. सुखदा जवळ बसली, पण तिने आईची समजूत घातली नाही. घालावीशी वाटली नाही. चौथ्या दिवशी सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, सोळाशे ग्रॅमची, आणि तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिली. त्या तीन आठवड्यांत स्वरूपा सासूशी चार वाक्यं बोलली असेल. त्यातलं एक असं होतं: "आई, यापुढे माझं औषध मी ठेवेन." मंजुळाबाई म्हणाल्या, "व्हय."

मुलगी पेटीत असतानाच अर्जुनराव पेढे घेऊन भेटायला आले. जाता जाता धनेशला दारात हळूच म्हणाले, "राव, तो भोंदूच निघाला. पण हिंजवडीला एक आहेत, ते ओरिजिनल आहेत. त्यांचं मशीन जर्मनीचं आहे."

धनेश म्हणाला, "अर्जुनराव, बटण आपल्या हातात देतात का ते?"

"छे, छे. त्याला कुणी हात लावायचा नसतो."

"मग मी नाही येत," धनेश म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं.

धनेशचा तो बटणाचा प्रश्न जरी वाचकांनी उचलला, तरी ही गोष्ट सांगितल्याचं सार्थक होईल. चमत्कार दाखवणाऱ्याची चौकशी करायला मोठी डिग्री लागत नाही. त्या दीडशे जणांकडे डिग्र्यांचे ढीग होते. चमत्कारवाल्याचं यंत्र आपल्या हातात मागायचं, बटण आपण दाबायचं, आणि तरीही चमत्कार होतो का ते बघायचं. हातात देत नसेल तर तिथून उठायचं. आणि कुणी आजारी माणसाचं औषध बंद करायला सांगितलं, तर यंत्र तपासायलाही थांबायचं नाही. आधी दवाखाना गाठायचा. स्वरूपाला ती संधी पाच वाजता मिळाली. सकाळी दहालाच मिळायला हवी होती.